डब्ल्यू. जे. लिंकन: निम्मा सिनेमा फिल्मवर, निम्मा थिएटरात

प्रश्न थोडक्यात असा. नाट्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीला मूकपटांच्या काळातल्या नाटककार-दिग्दर्शकावर प्रबंधिका लिहायची आहे आणि तिनं ऑस्ट्रेलियाचा डब्ल्यू. जे. लिंकन निवडला आहे. तिच्या वाचनात आलं ते असं: हा मुळात नाटकवाला, याला सिनेमा कळलाच नाही, पुढे दारूनं संपला, आणि याचे बहुतेक चित्रपट नष्ट झाले. हे खरं का, आणि जे चित्रपट बघताच येत नाहीत त्यांच्यावर लिहायचं तरी कसं, असं ती विचारते.

माझं आयुष्य जुनी रिळं टेबलावर गुंडाळण्यात, पुसण्यात आणि जोडण्यात गेलं. त्यामुळे माझं उत्तर फिल्मच्या बाजूनं येईल, नाटकाच्या बाजूनं कमी. आणि जरा लांबेल.

‘नाटकवाला’ हा आरोप आधी निकालात काढू. लिंकन नाटककार होता, यात वाद नाही. मेलबर्नचा माणूस, जन्म 1870 चा. ‘द बुश किंग’ हे त्याचं नाटक 1893 चं. बुशरेंजर म्हणजे ऑस्ट्रेलियन रानावनात वावरणारे दरोडेखोर. तिथल्या लोककथांत त्यांना आपल्याकडच्या उमाजी नाईकासारखं निम्मं भय, निम्मं प्रेम मिळतं. अशाच एका दरोडेखोराला नायक केलेलं हे नाटक. पुढे आल्फ्रेड डॅम्पियर या मोठ्या नट-व्यवस्थापकानं त्यावर हात फिरवून 1901 मध्ये ते रंगमंचावर आणलं. गंमत अशी की 1911 मध्ये या नाटकाचा चित्रपट झाला, पण तो लिंकननं केलेला नाही. डॅम्पियरचा जावई आल्फ्रेड रोल्फ यानं स्पेन्सरच्या कंपनीसाठी केला. लिंकन त्याच वर्षी दुसऱ्या कंपनीत महिन्यामागून महिना चित्रपट काढत होता, आणि त्याचं स्वतःचं नाटक प्रतिस्पर्ध्याच्या कॅमेऱ्यापुढे उभं होतं. प्रबंधिकेची सुरुवात कुठून करावी असं मला विचाराल तर इथून.

पण नाटक आणि सिनेमा या दोहोंच्या मध्ये त्यानं जे केलं, ते चरित्राच्या दोन ओळींत नेहमी गळतं. तो थिएटर चालवत होता. मेलबर्नच्या सेंट किल्डा भागात, समुद्रकाठी, चलच्चित्रं दाखवण्याच्या धंद्यात त्यानं व्यवस्थापक म्हणून काम केलं. म्हणजे दिग्दर्शक होण्याआधी तो रोज रात्री प्रेक्षकांच्या मागं उभा राहून बघत होता की लोक कशाला हसतात, कुठं चुळबुळ करतात, कुठल्या चित्राला पुन्हा येतात. लेखणी आणि तिकीटखिडकी या दोन्ही बाजू माहीत असलेला माणूस त्या काळात विरळा. असा माणूस ‘सिनेमा कळला नाही’ या वाक्यात बसत नाही.

आता जिथं तो आला ती जागा बघा. 1906 च्या डिसेंबरात मेलबर्नच्या अथेनियम हॉलमध्ये ‘द स्टोरी ऑफ द केली गँग’ लागला होता, नेड केली या बुशरेंजरच्या टोळीवरचा. चार हजार फुटांच्या आसपासची फिल्म, तासाभराहून जास्त चालणारी. जगातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट म्हणून तो धरला जातो आणि 2007 मध्ये युनेस्कोनं त्याची जागतिक स्मृतिवारशात नोंद केली. तो काढण्यात दोन घरं एकत्र आली होती: नाटक-जलशांचा धंदा करणारे टेट बंधू, आणि जॉन्सन व गिब्सन ही फिल्मवाल्यांची जोडी. याच दोन घरांनी 1911 मध्ये ‘अमाल्गमेटेड पिक्चर्स’ उभी केली आणि दिग्दर्शनाला लिंकनला बसवलं. कॅमेऱ्यावर ऑरी पेरी. त्याचे वडील साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेच्या मेलबर्नमधल्या लाइमलाइट विभागाचे प्रमुख होते. धर्मप्रचारासाठी स्लाइड आणि फिल्म बनवणारा तो विभाग 1910 मध्ये बंद पडला आणि तिथला मुरलेला हात बाजारात मोकळा झाला. हॉल, पैसा, कॅमेरामन सगळं एका छपराखाली. 1911 हे साल ऑस्ट्रेलियन सिनेमाचं सुगीचं साल होतं. त्या एका वर्षात पन्नासच्या आसपास कथापट निघाले. त्या सुगीत लिंकनही राबत होता.

त्याची यादी वाचताना लोक नाक मुरडतात. ‘इट इज नेव्हर टू लेट टू मेंड’ हा चार्ल्स रीडच्या कादंबरीवरून. ‘द मिस्टरी ऑफ अ हॅन्सम कॅब’ फर्गस ह्यूमच्या 1886 च्या मेलबर्नी रहस्यकथेवरून. ‘द लक ऑफ रोअरिंग कॅम्प’ ब्रेट हार्टच्या गोष्टीवरून. ‘कॉल्ड बॅक’ ही तर गाजलेली लोकप्रिय कादंबरी. ‘द बेल्स’ हे इंग्रज नट हेन्री आयर्विंगनं जगप्रसिद्ध केलेलं नाटक. ‘द डबल इव्हेंट’ नॅट गूल्डच्या घोड्यांच्या शर्यतीच्या कादंबरीवरून. सगळं उसनं! नवी कल्पना एकही नाही, असा शेरा मारून माणूस पुढे जातो.

मी त्याच यादीकडे टेबलावर बसून बघतो तेव्हा मला दुसरं दिसतं. मूकपटाला शब्द नसतात. पडद्यावर येणाऱ्या पाट्या त्या काळी तुरळक आणि लांबलचक. एका रिळात चार-पाच प्रसंग, प्रत्येक प्रसंग लांबून, एकाच जागी रोवलेल्या कॅमेऱ्यातून. कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणाला फसवलं, हे तुम्ही सांगणार कसं? त्यावर एकच तोड: प्रेक्षकाला आधीच पाठ असलेली गोष्ट घ्यायची. दादासाहेब फाळक्यांनी 1913 मध्ये हरिश्चंद्र निवडला तो काही गोष्टींचा दुष्काळ पडला म्हणून नाही. गिरगावातल्या प्रेक्षकाला तारामती कोण हे पाटीवर लिहून सांगावं लागत नव्हतं. मेलबर्नच्या प्रेक्षकाला ‘द बेल्स’मधला अपराधी मथायस आणि त्याच्या कानात वाजणाऱ्या घंटा तशाच ठाऊक होत्या. घंटा पडद्यावर वाजत नाहीत, प्रेक्षकाच्या डोक्यात वाजतात. मूकपटासाठी याहून चतुर निवड मला सुचत नाही.

‘हॅन्सम कॅब’चंही तसंच. कादंबरीतला घोडागाडीवाला रात्री प्रवाशाचं प्रेत गाडीत घेऊन सेंट किल्डाच्याच पोलीस ठाण्यावर जातो. ज्या भागात लिंकन थिएटर चालवायचा, तोच भाग. लोक आपलीच गल्ली आणि आपलाच खून बघायला येणार, हे थिएटरवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही.

पुढची दोन नावं तर माझी लाडकी. ‘द लॉस्ट कॉर्ड’ हा चित्रपट एका गाण्यावरून आहे. आर्थर सलिव्हननं चाल लावलेलं, इंग्रजी घरोघर पियानोवर म्हटलं जाणारं 1877 चं गाणं. आणि ‘ब्रेकिंग द न्यूज’ चक्क एका तैलचित्रावरून. जॉन लाँगस्टाफनं 1887 मध्ये काढलेलं चित्र: खाणकामगाराच्या घरात उभी असलेली, कडेवर मूल घेतलेली बाई, खाणीतल्या अपघाताची बातमी घेऊन आलेला म्हातारा, आणि उघड्या दारातून दिसणारी, प्रेत आणणारी माणसं. त्या एका क्षणाच्या अलीकडचं आणि पलीकडचं लिंकननं 1912 मध्ये पडद्यावर मांडलं. कादंबरीपासून निघालेला माणूस नाटक, गाणं, चित्र असं करत कुठं चाललाय बघा. लोकांच्या डोक्यात जे जे आधीच आहे, त्या सगळ्याला तो पडदा लावून बघतोय.

आता मुद्द्यावर येतो. या माणसाचा निम्मा सिनेमा फिल्मवर नव्हताच. तो थिएटरात होता: प्रेक्षकाच्या आठवणीत, पियानोवाल्याच्या बोटांत, पडद्याशेजारी उभं राहून सांगणाऱ्या निवेदकाच्या गळ्यात. ऑस्ट्रेलियात असे निवेदक सर्रास असत. ‘केली गँग’च्या खेळाला निवेदक तर होताच, शिवाय पडद्यामागे नारळाच्या करवंट्यांनी घोड्यांच्या टापा आणि खोट्या काडतुसांनी गोळीबार चालायचा. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. पिंगुळीचा चित्रकथी एकेक चित्र उभं धरून कथा गातो, कल्याणचे पटवर्धन ‘शांबरिक खरोलिका’च्या काचचित्रांना बोलून जिवंत करत. पिंगुळीचं नुसतं चित्र संग्रहालयात बघून ‘हा चित्रकथी काही खास नाही’ म्हणणाऱ्याला आपण काय म्हणू? लिंकनबाबत नेमकं तेच झालंय.

1913 मध्ये लिंकननं नट गॉडफ्री कॅसबरोबर ‘लिंकन-कॅस फिल्म्स’ काढली. मेलबर्नच्या एल्स्टर्नविक भागात स्टुडिओ, कॅमेऱ्यावर मॉरिस बर्टेल, एका वर्षात आठ चित्रपट. हा कॅसही एक नमुना. त्याचं खरं आडनाव कॅस्टियू. वडील मेलबर्नच्या तुरुंगाचे प्रमुख. 11 नोव्हेंबर 1880 ला नेड केलीला फाशी दिलं ते याच तुरुंगात. तुरुंगाधिकाऱ्याच्या या मुलानं मोठेपणी पडद्यावर नेड केली रंगवला, तोही दोन वेगवेगळ्या चित्रपटांत.

आठांपैकी आज बघायला मिळतो तो ‘द सिक स्टॉकरायडर’. ऑस्ट्रेलियन कवी ॲडम लिंडसे गॉर्डनच्या 1870 च्या कवितेवरून. मरणाच्या दारात असलेला गुराखी घोड्यावरून सोबत्याला म्हणतो, मला खाली उतरव आणि सावलीत ठेव. मग तो जुने दिवस आठवतो, रानातल्या दरोडेखोरांचा केलेला पाठलाग, एकेका मित्राचं कसं काय झालं ते, आणि शेवटी वॅटल या ऑस्ट्रेलियन झाडाच्या फुलांखाली पुरा म्हणतो. चित्रपटात कवितेच्या ओळी पाट्यांवर येतात आणि मागोमाग त्या ओळींतलं दृश्य. नटांत रॉय रेडग्रेव्ह आहे, पुढे इंग्रजी रंगभूमी गाजवणाऱ्या मायकेल रेडग्रेव्हचा बाप.

हा चित्रपट मी पहिल्यांदा बघितला तेव्हा मलाही कंटाळाच आला. ओळ, दृश्य. ओळ, दृश्य. शाळेतल्या कवितेखालच्या चित्रांसारखं. शिवाय माणसं तुरुतुरु पळत होती. मग मी माझ्या धंद्याप्रमाणे आधी वेग तपासला. त्या काळचा कॅमेरा हातानं फिरवायचा, सेकंदाला साधारण दोन फेरे, एका फेऱ्यात आठ फ्रेम, म्हणजे सेकंदाला सोळा. पस्तीस मिलिमीटरच्या एका फुटात फ्रेमही सोळाच मावतात. सोपा हिशोब: एक सेकंद, एक फूट. हजार फुटांचं रीळ सोळा-सतरा मिनिटं चालणार. तेच रीळ बोलपटाच्या चोवीसच्या वेगानं लावलं तर अकरा मिनिटांत संपतं. मरणारा गुराखी मग घाईत मरतो.

वेग खाली आणला, कवितेचा कागद हातात घेतला आणि एकटाच खोलीत मोठ्यानं वाचत बसलो. माझं इंग्रजी उच्चाराला बेतास बात, तरी सांगतो, चित्रपट बदलला. दृश्य जिथं रेंगाळतं असं वाटलं होतं, तिथं कडवं अजून संपलेलं नव्हतं. नट झाडाला टेकून नुसता पडून राहतो ती जागा रिकामी नाही, ती वाचणाऱ्यासाठी सोडलेली आहे. संगीत नाटकात पदासाठी नट जागा सोडतो तशी. पाटीवर दोन ओळी असल्या तरी ज्याला कविता पाठ आहे तो पुढच्या दोन मनातल्या मनात म्हणतो, आणि गॉर्डन त्या काळी ऑस्ट्रेलियात खूप जणांना पाठ होता. हा माझ्या तासाभराच्या खटाटोपाचा निष्कर्ष आहे, त्याला तेवढंच वजन द्या. पण तुम्ही नाट्यशास्त्राच्या आहात, तुमच्याकडे चांगला आवाज असलेले मित्र असतील. करून बघा.

आणखी एक सावधगिरीची गोष्ट. लिंकनच्या कामातलं टिकलेलं दुसरं महत्त्वाचं काम 1916 चं, ‘द लाइफ्स रोमान्स ऑफ ॲडम लिंडसे गॉर्डन’. त्याचाही बराच भाग उरला आहे. म्हणजे आज आपल्याला दिसणारा लिंकन हा सगळा गॉर्डनच्या सावलीतला लिंकन आहे. का? माझा अंदाज असा की गॉर्डनचे भक्त होते. 1934 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचा अर्धपुतळा बसवला गेला. एखादी वस्तू जपली जाते ती तिच्या कर्त्यापेक्षा विषयामुळे, हे मी या धंद्यात अनेकदा पाहिलंय. लग्नाची फिल्म घर ठेवतं, दिग्दर्शकाची कुणी ठेवत नाही. त्यामुळे ‘लिंकन कवितेची चित्रं काढायचा’ असं सरसकट विधान प्रबंधिकेत घालू नका. खुनाच्या, शर्यतीच्या, खाणीच्या अपघाताच्या फिल्म गेल्या, कविता राहिली.

बाकीच्या गेल्या कशा? त्यावर लांबण लावत नाही. नायट्रेटची फिल्म, ठेवली की आधी चिकट होते, मग मधासारखी ओघळते, शेवटी तपकिरी भुकटी. आग लागली तर पाण्यानंही विझत नाही. आणि खेळ संपलेल्या फिल्ममधली चांदी काढून विकणं हा तेव्हाचा राजरोस जोडधंदा. आपल्याकडच्या मूकपटांचंही तेच झालं.

आता कारकीर्द कोसळली ती का. दारू हे कारण खोटं नाही, तिनं त्याला अखेरीस पोखरलं. पण तारखा शेजारी शेजारी मांडल्या की दुसरं कारण आधी उभं राहतं. 1912 च्या अखेरीस वेस्टची, स्पेन्सरची आणि अमाल्गमेटेड अशा कंपन्या एकत्र आल्या. 1913 च्या सुरुवातीला त्यांना जे. डी. विल्यम्सची कंपनी येऊन मिळाली आणि ‘ऑस्ट्रेलेशियन फिल्म्स’ व ‘युनियन थिएटर्स’ ही जोडगोळी जन्मली. एक फिल्म पुरवणार, दुसरी दाखवणार. धंद्यातले लोक तिला नुसतं ‘कम्बाइन’ म्हणत. बाहेरून तयार फिल्म स्वस्तात येत असताना घरी बनवायची हौस कम्बाइनला नव्हती. ज्या अमाल्गमेटेडनं लिंकनला उभं केलं, तिचं चित्रपट काढणंच थांबलं. त्यात दक्षिण ऑस्ट्रेलिया, न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या राज्यांनी 1911-12 मध्ये बुशरेंजरांच्या चित्रपटांवर बंदी आणली होती, म्हणजे हमखास चालणारा देशी विषयही गेला. लिंकन-कॅसचे विषय बघा: ‘मून्डाइन’, ‘ट्रान्सपोर्टेड’. दरोडेखोर नाही चालत, तर हद्दपार कैदी घ्या!

स्वतःची कंपनी काढण्याचं धाडस त्यानं केलं ते नेमकं 1913 मध्ये. चित्रपट आठ झाले, दाखवायला दारं मात्र मोजकी उरली. लिंकनच्या पद्धतीच्या सिनेमाला हे दुप्पट जाचतं. ज्याचा सगळा माल फिल्मवर आहे, तो डबा पाठवून मोकळा होतो. ज्याला निवेदक हवा, वाद्य हवं, ओळखीचा प्रेक्षक हवा, त्याला हॉल आपला लागतो. 1911 मध्ये तो हॉलवाल्यांचा माणूस होता. 1913 मध्ये नव्हता. माझ्या मते त्याच्या कारकिर्दीची गोष्ट या दोन वाक्यांत मावते, दारूचा पेला तिच्यात नंतर येतो.

पुढची वर्षं भराभर सांगतो. 1915 मध्ये जे. सी. विल्यमसन या बड्या नाटक कंपनीनं सिनेमात हात घातला तेव्हा पहिल्या महायुद्धातल्या गॅलिपोलीच्या लढाईवरचा ‘विदिन अवर गेट्स’ लिंकननं लिहिला, दिग्दर्शन मात्र फ्रँक हार्वेचं. त्याच कंपनीत तेव्हा फ्रेड निब्लो नावाचा अमेरिकन नट आपले पहिले दोन चित्रपट काढत होता. हाच पुढे हॉलिवुडात जाऊन 1925 चा ‘बेन-हर’ करणारा निब्लो. एकाच आवारात एकाची चढण आणि एकाची उतरण. 1916 मध्ये लिंकननं जी. एच. बार्न्सबरोबर पुन्हा जुळवाजुळव केली. जर्मनांनी गोळी घातलेल्या परिचारिका एडिथ कॅव्हेलवर ‘नर्स कॅव्हेल’, मग ‘ला रेव्हांश’, आणि तो गॉर्डनचा चित्रपट. कॅव्हेलवर त्याच सुमारास जॉन गॅव्हिनचाही चित्रपट आला, म्हणजे तिथंही शर्यत.

गॉर्डनच्या भूमिकेत त्यानं ह्यू मक्रे या कवीला उभं केलं. मक्रेचे वडील जॉर्ज गॉर्डन मक्रे हे गॉर्डनच्या साहित्यिक मित्रमंडळातले. ज्याच्या बापानं त्या कवीला प्रत्यक्ष बघितलं, त्याच्या मुलाला कवी करायचं! डोक्यात आधीच असलेल्या गोष्टींवर पडदा लावण्याची लिंकनची जुनी खोड शेवटपर्यंत सुटली नव्हती. आणि गॉर्डननं मेलबर्नच्या ब्रायटन भागातल्या किनाऱ्यावर स्वतःला गोळी घातली ते सालही 1870, लिंकनच्या जन्माचं. ऑगस्ट 1917 मध्ये सिडनीत लिंकन वारला. पन्नाशीही गाठली नव्हती.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल, कामाचं तेवढं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ट्रोव्ह’ नावाचं वृत्तपत्रसंग्रहालय घरबसल्या फुकट उघडतं. तिथं परीक्षणं नंतर वाचा, आधी जाहिराती वाचा. त्या काळची स्तुती बऱ्याचदा थिएटरनंच पुरवलेली असते, जाहिरात मात्र पैसे मोजून छापलेली असते. एक वही घ्या आणि चित्रपटागणिक लिहा: कुठला हॉल, किती रात्री, किती फूट, तिकीट किती, सोबत गाणारा किंवा निवेदक होता का, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी काय लागलं. तोच चित्रपट शहरातून गावात कधी पोचला तेही बघा, प्रती किती होत्या याचा वास तिथून लागतो. अशी दहा पानं भरली की 1911 आणि 1913 मधला फरक तुम्हाला माझ्या शब्दावर मानावा लागणार नाही.

आणि शोधताना नुसतं ‘लिंकन’ टाकू नका. अब्राहम येतील, लिंकन जातीच्या मेंढ्यांचे भाव येतील, पोर्ट लिंकन बंदरात लागलेल्या जहाजांची यादी येईल. मी एक अख्खा रविवार मेंढ्यांत घालवलाय. चित्रपटाचं नाव आणि हॉलचं नाव एकत्र टाका.